कॅरियरवरचा हात

रस्ता कसा ओलांडावा ते सहादूकडून शिकावं, असं चौकातले रिक्षावाले म्हणायचे. तीस वर्षं तो नगरहून भिंगारला सायकलवर कामाला जात होता, लष्कराच्या एका स्टोअरमध्ये. पण मोठ्या चौकात तो कधी सायकलवर बसून शिरला नाही. खाली उतरायचं, ज्या बाजूनं गाड्या येतात त्या बाजूला सायकल धरायची आणि रिक्षा, टेम्पो, उसाच्या जोडट्रॉल्या यांच्यामधून शांतपणे चालत पलीकडे जायचं.

दोन वर्षांपूर्वी भाजी विकणाऱ्या झुंबरबाईनं त्याच्या कॅरियरला हात घातला. डोक्यावर मेथीची पाटी, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.

"भाऊ, तुमच्या आडोशानं येऊ का?"

"या की मावशी."

तेव्हापासून रोजचंच झालं. निघताना तो म्हणे, "चला." पलीकडे पोचली की ती म्हणे, "सोडलं." मग तो टांग टाकी. बोलणं एवढंच. कधीमधी घरी आल्यावर कॅरियरला अडकवलेली मेथीची जुडी सापडे.

त्या सोमवारी मात्र त्याला घाई होती. स्टोअरमध्ये नऊच्या हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसलं होतं आणि आदल्या आठवड्यात दोनदा त्याला उशीर झाला होता. सगळ्यांसमोर साहेब म्हणाले होते, "काय सहादू, सायकलवर बसून येतोस की तिला फिरायला आणतोस?" सगळे हसले होते. तोही हसला होता.

चौकात अर्ध्यावर आल्यावर समोर वाट मोकळी दिसली. तेवढ्यात डावीकडून उसाचा ट्रॅक्टर वळला. मागून झुंबरबाईचा आवाज आला आणि सहादूनं टांग टाकली. कॅरियरला हलकासा हिसका बसला.

मागे ब्रेक करकरले. पाटी पडल्याचा आवाज झाला. ट्रॅक्टरवाला ओरडला, "आरं, कोनाची म्हातारी हाय ही?"

सहादूनं मान वळवली तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. हात पुढे केलेला, कॅरियर धरल्यासारखा. तो थांबला नाही. आठ अठ्ठावन्नला मशीनवर हिरवा दिवा लागला.

संध्याकाळी त्यानं बायकोला, सुमनबाईला सांगितलं, "ती 'सोडलं' म्हणाली, असं ऐकू आलं मला."

"भर रस्त्यात कशी सोडील ती?" एवढंच म्हणून तिनं भाकरी वाढली.

पुढचे चार दिवस सहादू लांबच्या रस्त्यानं गेला. पाचव्या दिवशी त्याची त्यालाच किळस आली. तो चौकात आला. झुंबरबाई कडेला उभी होती. कोपराला खरचटल्याची खपली धरली होती. त्याला पाहून तीच आधी बोलली.

"आजारी हुता का भाऊ?"

"नाही."

"त्या दिशी माजंच चुकलं बगा. मीच सोडलं म्हनले आसन. वय झालं आता."

सहादूनं सायकलची मूठ घट्ट धरली. नुसती मान हलवली असती तरी सगळं मिटलं असतं. तिनं वाट करून दिली होती. मान हलवावीशी वाटली याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"नाही मावशी. तुम्ही 'सोडू नका' म्हणालात. मला नीट ऐकू आलं होतं."

शेजारून टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "चला."

या वेळी तिनं कॅरियर धरलं नाही. त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली, मनगटाजवळ, चुरगळेल इतकी घट्ट. पलीकडे फूटपाथ आला. सहादू थांबला. ती 'सोडलं' म्हणेना. पाटी खाली ठेवली, पदर सारखा केला, जुड्या मोजल्या, सगळं एका हातानं. नऊ वाजून गेले. जाणारे-येणारे बघत होते.

सहादू खाली मान घालून उभा राहिला. बाही त्यानं सोडवून घेतली नाही.