चंदाच्या लाडवांचा डबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हाही मी डेअरीचंच बोलते. तुम्ही माझ्या ना नात्यातले ना गावातले, म्हणून तुमच्यापाशी जीभ जरा सैल होईल असं वाटतं. पण एक आधीच सांगून ठेवते — मी रडगाणं गाणार नाही. माझ्याजवळ मिरवण्यासारखं पुष्कळ आहे, आणि आधी मी तेच मिरवणार. खोड आहे ती माझी, जायची नाही.

नेकनूरच्या बाजूला आमचं गाव. तिथली बायकांची दूध सोसायटी मी उभी केली. गावातली पुरुष मंडळी तेव्हा हसली होती — बायका काय डेअरी चालवणार, आठ दिवसांत एकमेकींच्या झिंज्या उपटतील म्हणाले. उपटल्याही एकदोनदा, खोटं कशाला बोलू? पण डेअरी चालली. आज मला गावात कुणी नावानं हाक मारत नाही, चेअरमनबाई म्हणतात. सासरे असते तर त्यांनीही तेच म्हटलं असतं, असं मला उगाच वाटतं.

पण माझा खरा अभिमान डेअरीचा नाहीच. तो जेवणाचा आहे.

झालं असं की एका सकाळी संकलनाच्या वेळी एक बाई रांगेतच चक्कर येऊन पडली. किटली कलंडली. आम्ही सगळ्या आधी धावलो त्या दुधाकडं. मी पण. बाई पडली होती तशीच पडून राहिली. नंतर तिला उठवून बसवलं, पाणी पाजलं, विचारलं काय खाल्लं होतंस, तर काल दुपारची अर्धी भाकरी. घरात दोन म्हशी, आणि बाईच्या पोटात अर्धी भाकरी. मी त्या दिवशी तिथंच, रांगेसमोर उभी राहून बोलले. दूध डेअरीला, ताक लेकरांना, आणि बाईला काय? भांडं घासायला. असं किती दिवस चालायचं?

तेव्हापासून बोलतेच आहे. आसपासच्या गावांतून बोलावणी येतात, बीडला दोनदा मोठ्या हॉलात माईकवर बोलले. माझं सांगणं साधं असतं. सकाळी चहाच्या आधी तांब्याभर कोमट पाणी; लिंबू असलं तर पिळा, नसलं तर राहू द्या. पोट साफ तर डोकं थंड. किटली भरायच्या आधी कपभर दूध घरातल्या आईनं प्यायचं, मग डेअरी. भाकरीबरोबर काहीतरी हिरवं — घोळ, पाथरी, शेवग्याचा पाला, फुकटात मिळतं ते. उपास करा, पण पोटाला विसावा म्हणून करा. साबुदाण्याचा डोंगर उपसायचा आणि वर उपास म्हणायचं, हे देवाला तरी पटतं का? जेवायचं ते ताट वाढून, मांडी घालून, सगळ्यांच्या बरोबरीनं. आणि संध्याकाळी दिवा लावला की थोडा वेळ नुसतं बसायचं, काही करायचं नाही. यावर एकीनं मला विचारलं होतं, 'काई करायचं न्हाई म्हंजी नेमकं काय करायचं ओ बाई?' अख्खी सभा हसली. पण ती बसायला लागली. आमच्या गावात आज सुना पहिल्या पंगतीला बसतात, आणि ते मी घडवलंय. गर्व म्हणा खुशाल. आहेच.

आता या भाषणाच्या पोटात एक गोष्ट आहे. तिच्यासाठीच तर मी तुम्हाला बसवून घेतलंय.

ती मी अशी सांगते. दुष्काळाचं साल होतं. आमच्याच घरात एक बाळंतीण होती. घरातली बाकीची माणसं हुलग्याचं माडगं पिऊन दिवस काढत होती, आणि तिच्यासाठी माहेराहून डिंकाचे लाडू आले होते. रोज एकच मिळायचा. तिची भूक भागेना. मग ती चोरून खायला लागली. सापडली, सगळ्यांनी तिला हावरी म्हटलं. — इथं मी थांबते, आणि मग आवाज चढवून विचारते, सांगा, चोर कोण? ती आई, का तिला चोरून खायला लावणारे आपण? यावर टाळ्या पडतात. म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावतात. या एका गोष्टीवर माझं नाव झालं, हे मलाही ठाऊक आहे.

ती बाळंतीण म्हणजे माझी धाकटी जाऊ, चंदा. भाषणात मी नाव घेत नाही, पण घेण्याची गरज काय? ती पहिल्या रांगेत माझी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते. सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि लाडू खाल्ले होते मी.

बोलून झालं. आता नीट सांगते.

त्या वर्षी आमच्या घरचे दोघे भाऊ जनावरं घेऊन साखर कारखान्यानं काढलेल्या छावणीत जाऊन राहिले होते. घरात सासूबाई, मी, चंदा आणि लेकरं. मी रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. चंदाला मुलगी झाली आणि तिच्या आईनं आष्टीहून लाडवांचा पितळी डबा पाठवला. त्या माउलीनं कुठून जमवलं असेल ते तूप, ते खारीक-खोबरं, तिचं तिला ठाऊक. सासूबाईंनी डबा बाळंतिणीच्या खोलीत, बाजेच्या उशाशी कोनाड्यात ठेवला. पहाटे शेगडी पेटवून बाजेखाली सरकवायची आणि चंदाला एक लाडू हातात द्यायचा, हे काम माझ्याकडं.

पहिल्या दिवशी मी बोटाला लागलेलं तूप चाटलं, बस्स. दुसऱ्या दिवशी तिला लाडू दिला, ती खाऊन डोळे मिटून पडली, आणि मी आणखी एक उचलून पदराखाली घेतला. खडीवर जाताना वाटेत खाल्ला. भूक लागली होती म्हणू का? लागली होती. माझाही लेक अजून अंगावर पीत होता. पण भूक सगळ्यांनाच होती, सासूबाईंनाही होती, आणि त्या डब्याला हात लावत नव्हत्या. खरं सांगू? माझ्या बाळंतपणात मला कुणी लाडू पाठवले नव्हते. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला गूळ-शेपा मिळाले, त्यावर भागलं. आणि ही कालची पोर, हिच्या उशाशी भरलेला डबा. मला तो घास गोड लागायचा तो तूप-गुळानं तर लागायचाच, पण तिचा होता म्हणून जास्त लागायचा.

मग रोजचं झालं. एकाचे दोन झाले. चंदा तापानं अर्धवट गुंगीत असायची, तिला काय कळणार?

सासूबाईंनी एका सकाळी डबा उघडला तर तळ दिसला. महिनाभर पुरायचे लाडू निम्म्या दिवसांतच संपत आले होते. त्या दारातूनच ओरडल्या, 'आगं, तुजं पोट हाय का कणगी? घर सारं माडगं पितंय आन् तू एकटी लाडू हाणतीस?'

चंदा उठून बसली. कान बांधलेले, तोंड पांढरंफटक. म्हणाली, 'आत्याबाई, म्या रोजचा एकच खाल्ला. आक्का देतात त्योच. आक्कालाच इचारा की.'

दोघींनी माझ्याकडं बघितलं. चंदाच्या डोळ्यांत संशय नव्हता. तिला वाटत होतं, आक्का आहेत, आता आक्का सांगतील.

मी म्हणाले, 'मला काय म्हाईत? मी तर दिसभर खडीवर.'

एवढंच. एवढंसं वाक्य. टोपली उचलली आणि कामावर गेले. मागून सासूबाईंचा आवाज ऐकू येत होता, 'कशापायी खोटं बोलतीस गं पोरी?'

पुढं जे झालं ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. उरलेले लाडू सासूबाईंनी लेकरांना वाटून टाकले — त्यातला एक माझ्या लेकाला मिळाला, आणि मी तो त्याच्या हातातून काढूनही घेतला नाही. चंदाच्या ताटात मग आमच्यासारखंच माडगं. तिचं दूध आटलं. पोरगी किरकिर करायची, शेजारच्या शेळीचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजावं लागलं. पोरगी जगली, हे तिचं नशीब. त्यात माझं काही नाही. आष्टीला निरोप गेला की तुमची लेक हावरी आहे, आता काही धाडू नका. गल्लीत नाव पडलं. चंदा आली की बायका हसून म्हणायच्या, 'झाका गं डबे!' सुरुवातीला ती रडायची. मग ती पण हसायला लागली. त्यांच्यापेक्षा आधी तीच म्हणायची, झाका गं, मी आले.

आणि ती शेवटी जेवायला लागली. सगळ्यांचं झाल्यावर, चुलीकडं तोंड करून, उभ्या उभ्या. दुसऱ्यांदा वाढून घेताना तिला मी तेव्हापासून कधी पाहिलेलं नाही. अख्खा गाव मी पंगतीला बसवला, आणि माझ्या घरातली एक बाई अजून उभ्यानं जेवते. मी तिला चारचौघांत रागावतेसुद्धा, 'चंदा, बस की खाली, मी काय शिकवते लोकांना?' ती म्हणते, 'व्हय व्हय, बसते,' आणि बसत नाही.

तुम्ही म्हणाल, निदान भाषणात तरी तिची गोष्ट नसती सांगितली. का सांगितली? पहिल्यांदा सांगितली तेव्हा मला वाटलं, मी तिच्यावरचा डाग धुते आहे. खरंच वाटलं. पण टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्यांदा मी ती टाळ्यांसाठी सांगितली. माझी स्वतःची भूक तिच्या नावावर विकली आणि वर शाबासकी घेतली. डाग धुवायचा तर 'मी' हा एक शब्द पुरेसा होता, नाही का?

आष्टीला भाषण होतं त्या दिवशीचं सांगायलाच हवं. चंदाची म्हातारी आई काठी टेकत आली होती. सभा संपल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, 'माज्या लेकीपायी तुमच्या घरापुढं आमची मान खाली गेलती. तुमी मोठ्या मनाच्या, तिच्या चुकीचं बी सोनं केलं.' ते लाडू तिनं वळले होते. त्याच हातांनी ती माझे हात धरून उभी होती. मी म्हणाले, असू द्या हो आई, होतं असं. माफ केलं मी तिला! तिची आई आता नाही. ती तेच मनात घेऊन गेली.

परतीच्या एसटीत चंदा खिडकीशी बसली होती. मला म्हणाली, 'आक्का, खाल्ले असतील बगा मीच. आंगात ताप व्हता, सुद कुटं व्हती? आदी वाटायचं न्हाई खाल्ले. पण तुमी सांगता तवा वाटतं, खाल्ले तर खाल्ले, त्ये काई पाप न्हवतं.'

गाडीत गर्दी नव्हती. आवाज नव्हता. बोलायला जागा होती, वेळ होता, माणूस शेजारी होतं. मी 'हूं' म्हणाले आणि सुट्ट्या पैशांसाठी कंडक्टरला हाक मारली.

डेअरीत एका थेंबाची भेसळ मी खपवून घेत नाही. पाणी घातलेलं दूध मी नुसत्या वासावरून ओळखते आणि सगळ्यांसमोर ओतून देते, म्हणून बायका मला टरकून असतात. हे तुम्हाला आत्ता का सांगितलं, मलाच कळलं नाही. राहू द्या.

गेल्या आठवड्यात चंदाची लेक आमच्याकडंच बाळंत झाली, दुसऱ्या खेपेला. हीच ती पोरगी, शेळीच्या दुधावर वाढलेली. चंदानं डिंकाचे लाडू केले. दिवसभर बसून वळले, पण चव बघायला कणभर तोंडात घातला नाही. मलाच म्हणाली, 'तुमीच बगा आक्का, गूळ बराबर हाय का.' मी बघितला. बरोबर होता.

मग तिनं डबा भरला. तोच पितळी डबा, आष्टीचा. झाकण लावून तो घेऊन माझ्या खोलीत आली आणि माझ्या मांडीवर ठेवला. हसत हसत म्हणाली, 'ह्यो तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माजा काय भरोसा?'

मी तो घेतला.

आता रोज सकाळी मी डब्यातून एक लाडू काढते आणि पोरीला नेऊन देते. चंदा दाराशी उभी असते. काल शेजारीण आली होती, तिला सांगत होती, 'आक्काच्या हातात डबा हाय म्हून लाडू पुरतेत.' मी आतच होते, ऐकलं, आणि झाकण लावलं.

लाडू खरंच पुरतायत.