पोकळ फरश्या

फरश्या बसवायच्या कामावर मी सांगलीहून वर्ध्याला आलो आणि इथंच बायकोला कळा सुरू झाल्या. शाळा सातवीत सोडलेली, त्यामुळं दवाखान्यातली पाटी वाचतानाही मला घाम फुटतो. मी दर दोन मिनिटांनी प्रसूतीच्या खोलीचं दार ढकलत होतो.

तिथली सिस्टर बुटकी, चष्मा कायम कपाळावर. साधं बाळंतपण तीच करते, गरज पडली तरच डॉक्टरला आत घेते, हे कळल्यावर मी दार आणखीच ढकलायला लागलो.

"काऊन दार झिजवून राह्यले, भाऊ? काम काय करता?"

"फरश्या बसवतो."

"मंग व्हरांड्यातल्या कोणत्या फरश्या पोकळ वाजतात, ते पाहून सांगा मले. घाबरलेला माणूस दारात नाई, कामावर ठेवा लागते."

मी गुडघ्यांवर बसून एकेक फरशी ठोकत निघालो. वळणावर एक तरुण डॉक्टर कपाटातल्या सलाईनच्या बाटल्या मोजत होता.

"माझा पहिलाच आठवडा आहे," तो ओशाळून म्हणाला. "मीपण सारखा दार उघडत होतो."

तेवढ्यात बाळ रडलं. आम्ही दोघंही धावलो.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत," सिस्टर म्हणाली. "या सर, आता तुम्ही तपासून घ्या." मग चष्मा डोळ्यांवर घेत माझ्याकडं वळली. "किती निघाल्या?"

"अकरा," मी रडत रडत सांगितलं.

घरी जायच्या आधी त्या अकराही मी पक्क्या बसवून दिल्या. बाटल्या किती निघाल्या, ते मात्र तिनं डॉक्टरला शेवटपर्यंत विचारलं नाही.