बावीस नंबरची जर्सी

हॉलोवे गावात ऑगस्ट लागला की व्हर्लिन स्टकीचा भाव वधारायचा. एरवी तो टायर विकायचा, आणि टायर विकणाऱ्याला कॅन्ससमध्ये कोण विचारतं? पण शनिवारी दुपारी कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना लागला की गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये, धान्याच्या कोठारात आणि स्वयंपाकघरात रेडिओवर त्याचाच आवाज असायचा. मैदानात मावतील त्यापेक्षा जास्त माणसं तो सामना व्हर्लिनच्या तोंडून बघायची. लोक म्हणत, टीव्हीपेक्षा व्हर्लिन बरा, निदान तो आपल्या पोरांना नावाने ओळखतो.

हंगामाआधीच्या शनिवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये सकाळी पॅनकेकची न्याहारी असायची. बंब बाहेर काढून ठेवायचे, लांब टेबलं मांडायची, दलाचे लोक तव्याशी उभे. खाणं निम्म्यावर आलं की व्हर्लिन माइक हातात घ्यायचा आणि यंदा कोणावर भिस्त ठेवायची ते एकेक खेळाडू घेऊन सांगायचा. रेडिओवरही ते थेट जायचं. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं. आया त्या दिवशी चांगले कपडे घालून यायच्या. व्हर्लिन गोडगोड बोलायचा नाही, म्हणूनच त्याचं बोलणं लोकांना हवं असायचं. "याचे पाय चांगले आहेत, डोकं अजून यायचंय," असं एखाद्याला सर्वांदेखत ऐकवायचा, आणि तो पोरगा ते वर्षभर मिरवायचा.

यात एकच अडचण होती. व्हर्लिनला दिसत नव्हतं.

अगदी काळोख नव्हता. कडेचं दिसायचं, मधलं पुसल्यासारखं झालेलं. समोरच्याकडे बघितलं की त्याचे कान दिसायचे आणि चेहरा नाहीसा. विचिटाच्या डॉक्टरने हे आता परत यायचं नाही असं सांगितलं, तेव्हा व्हर्लिनने पहिला प्रश्न विचारला तो जर्सीवरचे नंबर दिसतील का, हा. डॉक्टरला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. तो म्हणाला, जवळून दिसतील.

हे फक्त त्याच्या बायकोला, लोरीनला ठाऊक होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिने एक सामना धड बघितला नव्हता. सामन्याच्या दिवशी ती लोणची घालायची. पण गेले दोन हंगाम ती मैदानावरच्या खोक्याएवढ्या रेडिओच्या खोलीत त्याच्याशेजारी बसत होती. लोकांना वाटे, म्हातारी कॉफी घेऊन येते. ती दुर्बीण लावून त्याच्या कानात कुजबुजायची, "सतरा नंबर, डावीकडे, पडला. चोपन्नने पाडला." आणि व्हर्लिन तेच रंगवून, तिखटमीठ लावून गावाला सांगायचा. पहिल्या वर्षी ती नंबर सांगायची. दुसऱ्या वर्षी ती खुर्चीतून उठून ओरडायला लागली आणि तिला दंडाला धरून बसवावं लागे.

गावात मात्र व्हर्लिनने स्वतःला कोंडून घेतलं होतं. सकाळी कॅफेत जायचं त्याने बंद केलं. तिथे कोणीतरी टेबलाशी येऊन नुसतं "काय व्हर्लिन" म्हणायचं आणि कोण ते कळेपर्यंत त्याला घाम फुटायचा. कारण विचारलं की म्हणे, तिथली कॉफी बिघडली. कॅफेवाली बाई त्यावरून अजून फुरंगटून होती आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

यंदा ऐन सरावाच्या आठवड्यात लोरीनच्या बहिणीचं कंबरेचं ऑपरेशन निघालं. ती सलाइना शहरात तिच्याकडे गेली. जाताना बजावून गेली, "मी येईपर्यंत सरावाला जाऊ नकोस. कोचला फोन कर आणि तो सांगेल ते बोल."

"दुसऱ्याने सांगितलेलं मी आजवर कधी बोललोय?"

"दोन वर्षं तेच बोलतोयस."

हे त्याला लागलं. बुधवारी संध्याकाळी तो एकटाच मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला. हेल्मेटात सगळे सारखेच, पण पाठीवरचे आकडे मोठे होते आणि मान वाकडी केली की कडेने दिसत होते. बावीस नंबर त्याने पहिल्या झटक्यात ओळखला. बावीस म्हणजे कोल्टर वीबी, इथल्याच गव्हाच्या शेतातला पोर, चेंडू पोटाशी धरून धावणारा. गेल्या वर्षी, लोरीनच्या म्हणण्याप्रमाणे, तो ताठ धावायचा आणि समोरच्याला छाती दाखवून मार खायचा. आज बघतो तर बावीस नंबर खाली वाकून, कंबर जमिनीलगत ठेवून, समोरच्या फळीत फट पडायच्या आधीच तिथे पोचत होता. व्हर्लिनला कुंपणाशी हसू फुटलं. दोन वर्षांत त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली ही पहिलीच चांगली गोष्ट होती. कोच हॅल्वर्सन दुरून हात हलवून गेला. व्हर्लिनने अंदाजाने हात हलवला. फोन केलाच नाही.

हॉलोवेची एक रीत आहे. खेळाडू संघ सोडतो तेव्हा त्याची जर्सी खुंटीवर एक रात्रही लटकत ठेवत नाहीत. जाणाऱ्याने ती त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने, त्याला वाटेल त्या खेळाडूला द्यायची. त्या बुधवारच्या आदल्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, कोल्टरचा गुडघा गेला. हॉस्पिटलमधून तो कुबड्यांवर परत आला आणि त्याने बावीस नंबर जमारी प्रुइट नावाच्या, टल्साहून नुकत्याच आलेल्या पोराच्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं. कॅफेत दुसरा विषय नव्हता. व्हर्लिनला कोणी सांगितलं नाही, कारण व्हर्लिनला ठाऊक नाही असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

शनिवारी लोरीन बहिणीकडून थेट शेडमध्ये आली, तोवर त्याने माइक घेतला होता. क्वार्टरबॅकचं झालं, लाइनमनचं झालं, ते सगळे जुने होते, त्याच्या पाठ होते. लोक हसत होते. मग तो बावीसवर आला.

"कोल्टर वीबी," तो म्हणाला. "तुम्हाला वाटतं हा तोच गेल्या वर्षीचा. नाही. बुधवारी मी त्याला पाहिलं. उन्हाळ्यात याने काय खाल्लं ते याच्या आईला विचारा. कंबर खाली, नजर वर. गेल्या वर्षी हा भिंतीला धडकायचा, यंदा दार शोधतोय. गेल्या कित्येक वर्षांत या मैदानावर असा धावणारा मी पाहिला नाही."

शेडमध्ये तव्याचा चरचराट तेवढा राहिला. व्हर्लिनला वाटलं, भारावले लोक. नाव घेतलं म्हणून कोल्टर उभा राहिला. म्हाताऱ्याचा शब्द खाली पडू नये म्हणून त्याने तोंडातून अक्षर काढलं नाही. पण उठताना कुबडी सिमेंटवर वाजली, एकदा, आणि तोल सावरताना पुन्हा.

व्हर्लिनचे कान शाबूत होते.

"कोल्टर, ते काय वाजलं?"

"काही नाही, मिस्टर स्टकी. तुम्ही पुढे सांगा."

"कुबडी आहे का?"

"हो, सर."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

लोरीन एव्हाना टेबलांमधून वाट काढत त्याच्याकडे निघाली होती. तिला त्याच्या हातातला माइक घ्यायचा होता, काहीतरी थट्टा करून वेळ मारून न्यायची होती. चूक पेपरवर ढकलता आली असती, कोचवर, नाहीतर तिच्या स्वतःवर. पण व्हर्लिन तिची वाट बघत थांबला नाही.

"मग बुधवारी बावीस कोणाच्या अंगावर होता?"

मागच्या टेबलावरून उशिराने आवाज आला, "माझ्या, सर."

"नाव सांग बाबा."

"जमारी प्रुइट."

"कोणी आलंय का तुझ्याबरोबर?"

"आई आलीये. टल्साहून."

"मिसेस प्रुइट," व्हर्लिन त्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाला, "मी आत्ता जे बोललो ते सगळं तुमच्या मुलाचं होतं. मी ते दुसऱ्याला देऊन टाकलं. बाकी शब्द एकही बदलत नाही."

"मग पुन्हा म्हणा ना," ती बाई म्हणाली. "मी फोनवर रेकॉर्डिंग आत्ता चालू केलंय."

लोक मनमोकळे हसले. त्याने पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा सावकाश, आणि जमारी उभा राहिला, आणि टाळ्या वाजल्या. कोल्टरने टाळीऐवजी कुबडी बाकावर आपटली. इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. कोच हॅल्वर्सन तर पुढचं नावही सुचवत होता.

"अजून एक राहिलाय," व्हर्लिन म्हणाला. "माइकवाला. याचा आवाज चांगला आहे. कान किती चांगले ते तुम्ही आत्ता पाहिलंत. डोळे गेलेत. मला आकडा दिसतो, माणूस दिसत नाही. दोन हंगाम मी बायकोच्या डोळ्यांवर ढकलले आणि तुम्हाला सांगितलं नाही. याच्यावर भिस्त ठेवू नका. पुढच्या शनिवारी हा बसणार नाही."

कोणी टाळी वाजवली नाही, आणि ते बरंच केलं. रेडिओवाल्याने घाईघाईने जाहिरात लावली. कॅफेवाली बाई पुढे आली, म्हणाली, "म्हणजे माझ्या कॉफीत काही खोट नव्हती तर," आणि तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं. कोच म्हणाला, बघू, बोलू. व्हर्लिनला वाईट वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं. हलकं जास्त वाटत होतं आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती.

घरी जाताना गाडी लोरीन चालवत होती. गव्हाची कोठारं तिने भरधाव मागे टाकली.

"रागावलीस?"

"खरं बोललास. त्याला मी काय म्हणणार?"

"मग?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो, नकोच म्हणाले असते." तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. व्हर्लिनला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती रडतेय हे ऐकू येत होतं. "मी तिकडे बहिणीच्या उशाशी बसून सगळ्या पोरांचे नंबर पाठ केलेत, व्हर्लिन. तू तुझा हंगाम सोडलास, सोड. माझा कोणाला विचारून सोडलास?"