आमच्या कॉलनीमागचं जंगल

अमरावतीत पोहऱ्याच्या जंगलाला लागून आमची कॉलनी. प्लॉट घेताना "हवा मोकळी आहे" एवढंच कळलं होतं. आता संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमल्या की भाजीच्या भावापासून निघालेलं बोलणं जनावरांवरच येतं. एकीचं संपायच्या आत दुसरीला आपलं आठवतं.

*

सुरुवात रानडुकरांनी केली. शेजारचे ठाकरेभाऊ मूळचे तेल्हाऱ्याचे. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागे हौसेनं रताळी लावली, आणि डुकरांनी वाफे उकरून टाकले. शेतात करतात तसं भाऊंनी कुंपणाला जुन्या साड्या बांधल्या. वहिनी सकाळी मागे गेल्या आणि थबकल्या. लेकीच्या लग्नातली साडी लिंबापासून नळापर्यंत ताणलेली.

"हे कोणत्या डुकराले दाखवाची होती?" एवढंच त्या म्हणाल्या.

भाऊंना मग बरेच दिवस चहा मागून घ्यावा लागला.

*

समोरच्या वर्षाताईंचा शेरू पानाच्या आवाजालाही भुंकायचा. एका संध्याकाळी तो गुपचूप स्कूटीखाली जाऊन बसला. म्हातारा झाला म्हणून सगळे हसले. सकाळी अंगणात नुसती साखळी होती, पट्ट्यासकट.

ताईंचे मिस्टर कमी बोलणारे. त्यांनी भिंतीवर पत्रे ठोकले. पण घरी आले की अजूनही फाटकाशी शेरूला शीळ घालतात.

*

मग वनखात्याची माणसं बिबट्यासाठी पिंजरा ठेवून गेली. आतल्या कप्प्यात बकरी. बिबट्या फिरकला नाही, बकरी मात्र ओरडून ओरडून थकली. भरदुपारी भाऊंना तिची दया आली. पाण्याचं भांडं घेऊन ते वाकून आत शिरले आणि मागे दार पडलं.

वहिनींनी आधी फोटो काढला, मग माणूस बोलावला.

*

मागच्या उन्हाळ्यात मात्र आमच्याच घरी झालं. मी ऑफिसात होते. माझ्या सासूबाई, माई, मागच्या दारात गहू निवडत होत्या. माझी चार वर्षांची पिहू अंगणात बाहुलीला आंघोळ घालत होती. माईंनी मान वर केली, तर पिहूच्या पाठीमागे कंपाउंडच्या भिंतीवर बिबट्या बसलेला. शेपूट खाली सोडून.

माई ओरडल्या नाहीत. आपण ओरडलो तर पोरगी पळेल, आणि पळणाऱ्याच्या मागे जनावर धावेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. रोजच्या आवाजात म्हणाल्या, "पिहू, इकडं ये बेटा. माही पाठ खाजवून दे."

"बाहुलीचं डोकं धुवून होऊ दे."

"बरं."

माई सूप मांडीवर घट्ट धरून बसल्या. तरी गहू सांडत होते. पिहूनं बाहुलीवर शेवटचा मग ओतला, फ्रॉकला हात पुसले आणि सावकाश चालत आली. माईंनी तिला आत ओढलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून खालीच बसल्या.

पिहूनं पाठ खाजवायला हात पुढे केला.

"आजी, तू त्याले भ्याली का? काल तर दोघं होते."