खिंडीतली मोकळी जागा

मी अंगण सारवत होते. हात शेणाने भरलेले, निम्मं अंगण ओलं. तेवढ्यात फाटकाशी कोणीतरी खाकरलं. वर पाहिलं तर सोनूदादा, हातात पळसाच्या पानांची पुडी. तोवर मी त्यांना हाक्याचे म्होरके म्हणून लांबूनच ओळखत होते. शिकारीच्या दिवशी रानात कोणी कुठे उभं राहून जनावर हाकायचं हे ते सांगत, आणि आमचे हे ढोल खांद्याला लावून निघत. हे वारल्यानंतरचा तो पहिला हाका होता.

"वयनी, तुझा वाटा. बारका हाय यंदा."

आमच्या गावात ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरी शिकारीचा वाटा आधी पोचतो, आणि हाक्याच्या रांगेतली त्याची जागा वर्षभर मोकळी ठेवतात. ह्यांची जागा खिंडीच्या तोंडाशी होती. तिथे ढोल वाजला की चितळं मागे फिरत. त्या दिवशी ढोल नव्हता. एकच जनावर हाती लागलं, बाकी अख्खा कळप खिंडीतून निघून गेला.

"मादीच्या मागं पाडस व्हतं," दादा म्हणाले. "तेबी सुटलं. बरं वाटलं बघ."

"म्होरक्यालाच बरं वाटलं तर गावानं खायचं काय?"

दादा हसले. हे गेल्यापासून माझ्या अंगणात कोणी हसलं ते पहिल्यांदाच.

पंचाहत्तरीनिमित्त दादांवर पुष्कळजण लिहितील. मी पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहिते.

किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून सुके बोंबील यायचे, त्यांच्या बांधणीच्या कागदांवर अक्षर अक्षर लावत मी वाचायला शिकले. बाया हसायच्या. पण वनखात्याचा कागद आला की दादा सभेत म्हणायचे, "वयनीला बोलवा, ती वाचंल." पहिल्यांदा वाचताना मी सारखी अडखळत होते. दादा मान खाली घालून ऐकत राहिले आणि कोणाला हसू दिलं नाही. पुढे पालघरला गेले की ते माझ्यासाठी जुनं पुस्तक शोधून आणत.

ती वर्षं तारापूरच्या वीज केंद्राच्या बांधकामाची. बोईसरकडे वस्ती वाढली, रस्ते झाले, खालचं रान विरळ झालं. शिमग्यानंतर एकदाच होणारा हाका आता मांसाला गिऱ्हाईक आलं की होऊ लागला. उरलीसुरली चितळं आमच्या एका डोंगरावर कोंडली गेली. ह्यांचं वर्ष सरलं, तेव्हा एका मुकादमाने हाक्याला दोन बंदुका पाठवायचं कबूल केलं. मांस सगळं तोच विकत घेणार होता, पैसे घरटी वाटले जाणार होते. त्या सभेला मी नव्हते, मागून कळलं. माझे धाकटे दीर उभे राहिले.

"भावाची जागा आता मला द्या. ढोल घरातच हाय."

"जागा मोकळीच राहंल," दादा म्हणाले. "आपुनच हाकून हाकून त्यांना एका डोंगरावर आणलं. एक वाट तरी ठेवू."

"दादा, तुमी हाक्याचे म्होरके का हरणांचे मामा?" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"मामा तर मामा. भाच्यांना वाट देतो."

दीर चिडले. "आणि वयनीनं काय पाला खायाचा? तिचा वाटा बुडतोय."

यावर दादा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "जागा तिच्या घराची हाय. तिलाच इचारा."

सगळे तसेच उठून माझ्या अंगणात आले. मी बियाण्याची नाचणी पाखडत होते.

"वयनी, हो म्हण नायतर नाय म्हण, मी रागावणार नाय," दादा म्हणाले. "पर खिंडीपलीकडं झाडी हाय, पाणी हाय, आणि चितळ एक नाय. ती आपुनच संपवली."

"ढोल दे, वयनी," दीर म्हणाले.

तो ढोल ह्यांनी स्वतः मढवला होता. दीरांना दिला असता तर तो पुन्हा वाजला असता. घरात बसून मला ऐकू आला असता. हेही मनात आलं.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

आज खिंडीपलीकडच्या डोंगरावर चितळं आहेत. शिकारबंदीचा कायदा नंतर आला. दादांनी खिंड मोकळी ठेवली ती त्याआधी, टोमणे खात. बंदुकवाले आले तेव्हाही म्होरके तेच होते आणि खिंडीत त्यांनी कोणाला पाय ठेवू दिला नाही. 'हरणांचे मामा' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता पोरं त्यांना प्रेमाने मामा म्हणतात. माझा वाटाही त्यांनी बुडू दिला नाही. शिमग्यानंतर पळसाच्या पानात बांधून त्यांच्या परसातले वाल अजून येतात.

दादांचे गुडघे दुखतात, तरी ते खिंडीपर्यंत जाऊन येतात. ते पाय असेच चालते राहोत, नजर अशीच लांबची टिपत राहो, आणि शंभरी भरेल त्या सकाळीही त्यांनी माझ्या फाटकाशी येऊन खाकरावं.

दीरांनी ढोल मागितला तेव्हा मी काय उत्तर दिलं, असं लोक अजून विचारतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ढोलाच्या दोऱ्या सोडल्या, एका बाजूचं कातडं काढलं आणि आत नाचणीचं बियाणं भरून ठेवलं.