कारणसाहेबांनी खोडलेली अट

आदेशावर सही करायच्या आधी पेन टेबलावर आडवं ठेवून हरणाऱ्या माणसाकडे बघणारा अधिकारी माझ्या उभ्या नोकरीत मी एकच पाहिला. जिंकणाऱ्याची ते फारशी दखलच घेत नसत. आदेश वाचून दाखवायचा, कोण का जिंकलं आणि कोण का हरलं ते साध्या वऱ्हाडीत समजावायचं आणि मग हरणाऱ्याला विचारायचं, "बोल बाप्पा, तुझं काय आयकाचं राह्यलं?" वकील मंडळी घड्याळाकडे बघत आणि एकमेकांना कोपराने ढोसत. साहेबांना त्याचं काही नसे.

मेडशीचा एक म्हातारा बांधाच्या वादात सख्ख्या भावाशी हरला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "बांध गेला तं गेला साहेब, पन याच्या पोरीच्या लग्नात मले कोनी जेवाले बलावलं नाई." आता याचा जमिनीच्या कायद्याशी काय संबंध? पण साहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि सही केली. निकाल तोच राहिला. म्हातारा मात्र पायऱ्या उतरला तो त्याच भावाच्या खांद्याला धरून. क्वचित एखाद्याच्या बोलण्यातून खरंच काही राहून गेलेलं निघे, आणि मग साहेब तो टाइप झालेला आदेश फाडून टाकीत. टाइप करणाऱ्या बाईंचा त्या दिवशी कोणाशी अबोला असे ते सांगायला नको.

वाशीमच्या त्या कार्यालयात ते जमिनीच्या, बांधांच्या, शेतरस्त्यांच्या दाव्यांची सुनावणी घेत, आणि मी आस्थापनेत होते, म्हणजे रजा, नेमणुका, निवृत्ती यांचे कागद सांभाळत होते. त्यांना आम्ही पाठीमागे कारणसाहेब म्हणायचो. रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहिलं की अर्ज परत. "घरातलं कोनतं कारन? रजा तं देतोच, पन कागदावर गोलमाल कायले?" एकदा मी वैतागून 'भावजयीशी झालेले भांडण मिटवण्यासाठी' असं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं, एक दिवस मागितला होता त्याचे दोन केले, आणि म्हणाले, "बाई, भांडन मोठं दिसून राह्यलं." स्वतः उशिरा आले तर दारातच उभं राहून शिपायाला कारण सांगत. तो बिचारा लाजून लाल व्हायचा.

ते निवृत्त झाले तेव्हा रिठदच्या कलाबाईंचा दावा अर्धाच राहिला होता. शेजाऱ्याने तारेचं कुंपण घालून त्यांच्या शेताचा रस्ता बंद केला होता. शेजारी वजनदार, पुढाऱ्यांत ऊठबस असलेला. कलाबाई आणि त्यांची सून सोयाबीनची पोती डोक्यावर घेऊन नाल्यातून बाहेर काढत. साहेब स्वतः त्या नाल्यात उतरून आले होते, दोन्ही बाजू ऐकून झाल्या होत्या, फक्त आदेश लिहायचा राहिला होता आणि निवृत्तीची तारीख आली. शाल-श्रीफळ घेऊन साहेब रिसोडला गेले. तिथे त्यांच्या भावाचं बांगड्यांचं दुकान, पिढ्यांपासूनचं. तिथे बसू लागले. त्यांची जागा रिकामीच राहिली आणि दावे साचत गेले.

मग वरून पत्र आलं. निवृत्त अधिकाऱ्यांना करारावर परत घ्या, त्यांच्याकडून साचलेले दावे निकाली काढा. आमच्याकडून एकच नाव जाण्यासारखं होतं. मला मनापासून आनंद झाला. साहेब येतील, कलाबाईंचा रस्ता मोकळा होईल, आणि आम्हाला परत खरी कारणं लिहावी लागतील.

सरकारला माणूस निवृत्त करायला एक कागद पुरतो, परत घ्यायचं म्हटलं की गठ्ठा लागतो. चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. हयातीचा दाखलासुद्धा, समोर उभं राहून. साहेबांनी सगळं विनातक्रार आणलं. "पोलीस स्टेशनात त्या पोरानं इचारलं, तुमच्यावर गुन्हा हाये काय? म्हटलं, आतालोक तं नाई," असं सांगून खो खो हसले. शेवटी मी हमीपत्राचा छापील नमुना पुढे केला. साहेबांनी चष्मा पुसला, वाचायला सुरुवात केली, आणि नवव्या अटीवर त्यांचं बोट थांबलं. 'कोणतेही कारण न देता व पूर्वसूचनेशिवाय नेमणूक कधीही संपुष्टात आणण्यात येईल.'

"पट्टी द्या," ते म्हणाले. माझ्याच टेबलावरच्या पट्टीने त्यांनी ती अट सरळ रेघ मारून खोडली, शेजारी लिहिलं, 'काढायचे असल्यास कारण लेखी द्यावे', आणि खाली सही केली.

"साहेब, अहो हे सगळ्यांनाच असतं. सगळे सही करतात. वाचतं कोण?"

"मी वाचलं ना. बांधाच्या दाव्यात हरनाऱ्याले मी कारन सांगतो. मले काढतानी कोनी सांगनार नाई? आन् अशा मानसानं दुसऱ्याचा न्याय करावा?"

फाइल गेली तशी परत आली. नमुन्यात बदल चालणार नाही, असा शेरा. वरच्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. आधी गोडीने, मग आवाज चढवून समजावलं आणि शेवटी टोमणा मारला, "मग काय, आयुष्यभर बांगड्या विकणार?" कारणसाहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, "विकीन ना. तिथं बांगडी फुटली तं काहून फुटली ते गिऱ्हाइकाले सांगा लागते." मी फाइल घेऊन दाराशी उभी होते. हसू आवरायला मला खाली बघावं लागलं.

पण मी काही इतक्यात हार मानणारी नव्हते. शनिवारी एसटीने रिसोड गाठलं, पिशवीत कोरा नमुना घेऊन. दुकानात पोचते तर कलाबाई आधीच येऊन बसलेल्या. त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं की साहेबांची नेमणूक एका सहीसाठी अडली आहे.

"सही करून टाका साहेब," त्या म्हणाल्या. "तो कुंपनवाला गावात सांगत फिरते, येऊ द्या म्हाताऱ्याले, एका फोनात वापस पाठवतो. या आन् त्याले खोटं पाडा."

साहेबांनी माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या कागदाकडे बोट दाखवलं. "याच्यावर सही केली की त्याचा तो फोन खरा होते, बाई. उद्या मी तुमच्या बाजूनं आदेश देला तं लोक म्हनतीन कोनाच्या तरी दबावात देला. नाई देला तरी तेच म्हनतीन. भेलेल्या मानसाचा आदेश पाह्यजे काय तुमाले?"

"मले रस्ता पाह्यजे!" कलाबाई ताडकन उठल्या. "मंग काय, यंदाबी डोक्यावरच वाहू?"

साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "हो. यंदाबी. आन् त्याचं कारन मी हाओ. दुसऱ्या कोनाचं नाव घेऊ नका." मग सवयीने त्यांनी विचारलं, "तुमचं आजून काय आयकाचं राह्यलं?" कलाबाई पायऱ्या उतरून गेल्या. मलाही साहेबांचा राग आला होता आणि मी तो लपवला नाही. चहा न पिता उठले. बसमध्ये मात्र सगळ्या वाटेत मी स्वतःशीच त्यांच्याशी भांडत होते, आणि वाशीम येईपर्यंत माझे मुद्दे संपले.

फाइल बंद करताना टिपणी लिहायची होती. 'उमेदवार इच्छुक नाहीत' असं लिहा, असं मला सांगण्यात आलं. मी लिहिलं, 'उमेदवार इच्छुक आहेत. अट क्रमांक नऊ त्यांना मान्य नाही.' दोनदा टिपणी परत आली, दोनदा मी तीच लिहून पाठवली. तिसऱ्यांदा वरच्यांना कंटाळा आला असावा. माझी बदली सुनावणीच्या शाखेत झाली. ती शिक्षा होती म्हणे.

त्या थंडीत साहेब गेले. झोपेतच. रिसोडला दफनाला तोबा गर्दी होती, आणि त्यात त्यांच्यासमोर हरलेले कितीतरी लोक मी चेहऱ्याने ओळखले. कलाबाई लांब रस्त्याच्या कडेला पदर घेऊन उभ्या होत्या. मी खूप रडले. ज्याच्यावर ओरडावं तो हट्टी माणूसच आता समोर नव्हता.

उन्हाळ्यात नवे अधिकारी आले, तरुण, कामाला वाघ. कलाबाईंचा दावा पहिल्यापासून सुरू झाला. त्यांनी भराभर कागद पाहिले, दोन्ही वकिलांना ऐकलं, "आदेश नंतर कळवू," म्हणाले आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. कलाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"साहेब, तुमी इचारलं नाई."

"काय विचारायचं?"

"माझं काय आयकाचं राह्यलं ते."

त्यांच्या वकिलाने त्यांची बाही ओढली. नव्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "हे कुठल्या नियमात आहे?"

"नियमात नाही साहेब," मी म्हणाले. "पण इथे विचारतात."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "इचारतेतच!" मग दुसरा, मग दारातले दोघे. तो कुंपणवालासुद्धा मान वर करून बघू लागला. त्यालाही कधीतरी हा प्रश्न विचारला गेलाच असणार. नव्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बरं," ते म्हणाले, "सांगा बाई, काय राहिलं?"

कलाबाईंनी पदर खोचला. मला वाटलं आता नाला, पोती, सुनेची पाठ, सगळं निघेल.

"जास्त काही नाई," त्या म्हणाल्या. "मले रस्ता द्या नाईतं देऊ नका. पन हरवाचं असन तं माह्या तोंडावर, कारन सांगून हरवा. एक मानूस याच्यासाठी खुर्ची सोडून गेला."