करवंटीच्या वाट्या न्यूझीलंडला

आमच्याकडे पेटी भरणं कुणाला शिकवावं लागत नाही. पावसजवळ आमची नारळाची छोटी वाडी आणि आंब्याची थोडी कलमं आहेत, आणि लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी मला पेंढ्यात आंबा कसा बसवायचा ते दाखवलं होतं. त्यामुळे माझ्या करवंटीच्या वाट्यांना ऑनलाइन पहिलं परदेशी गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा पॅकिंगची मला जराही काळजी वाटली नाही. न्यूझीलंडमधल्या एका बाईला तिच्या छोट्या उपाहारगृहात सूप द्यायला वाट्या हव्या होत्या. घासून, खोबरेल चोळून चकचकीत केलेल्या वाट्या मी पेंढ्यात बसवल्या आणि रत्नागिरीच्या पोस्टात पार्सल देऊन आले.

काही आठवड्यांनी तिचा निरोप आला. पेंढ्यातून कीड येते म्हणून तिथल्या तपासणीत पार्सल अडवलं होतं आणि वाट्यांसकट जाळून टाकलं होतं.

घासून घासून माझ्या बोटांची सालं निघाली होती.

नवरा जहाजावर असतो. फोनवर म्हणाला, "कशाला हा खटाटोप? मुंबईत विक की!"

"तुम्ही सातासमुद्रापार माल पोचवता ना? मग माझाही पोचेल," मी म्हटलं.

त्या बाईला कळवलं, "नव्या वाट्या पाठवते, थोडी कळ काढा." मग त्यांचे नियम मुळापासून वाचले. करवंटी चालत होती, फक्त स्वच्छ, कोरडी आणि आत खोबऱ्याचा कण नसलेली. पेंढा, पाला, गवत काही नको. म्हणजे उरला कागद आणि पुठ्ठा. पण कागदावर माझा भरवसा बसेना.

"मग बघू या की," सासूबाई म्हणाल्या आणि कागदात वाट्या भरलेला खोका घेऊन थेट गच्चीवर गेल्या. "बाजूला हो गो! मी टाकत्ये."

खोका अंगणातल्या जांभ्या दगडावर धाडकन आदळला. उघडला, तर दोन वाट्या तडकलेल्या. मग प्रत्येक वाटी वेगळी गुंडाळली, मध्ये पन्हळी पुठ्ठा घातला, हलवल्यावर आवाज येणार नाही इतकं गच्च भरलं. खोका पुन्हा खाली आला. एकही वाटी फुटली नाही.

"आणखी एकदा टाकू?" सासूबाईंनी वरून विचारलं. त्यांना भलतीच मजा येत होती.

या वेळी पार्सल पोचलं. त्या बाईने स्वयंपाकघरातूनच व्हिडिओ कॉल केला आणि माझ्या वाटीतलं भोपळ्याचं सूप दाखवलं. सासूबाई माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "तिला सांग, यात सोलकढी पण झकास दिसेल."

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "सॅलडसाठी याहून मोठ्या वाट्या मिळतील का?"

"मिळतील," मी लगेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सासू-सुना वाडीत मोठाले नारळ निवडत फिरलो.